आक्कांनी न विचारलेला प्रश्न

खोटं बोलणाऱ्या बाया आक्कांनी आयुष्यभर पाहिल्या. बाळंतिणींच्या वॉर्डात तीस वर्षं काढल्यावर माणसाला दुसरं काही येवो न येवो, खोटं ओळखता येतं. पाळी कधी चुकली, आधी किती वेळा पोट पडलं, घरात कुणी हात उचलतं का, गोळ्या खरंच घेता की गादीखाली सरकवता, या सगळ्याची पहिली उत्तरं खोटीच असतात, असं आक्का नव्या सिस्टरांना सांगायच्या. "बाई खोटारडी नसते गं," त्या म्हणायच्या, "तिच्या शेजारी उभं असलेलं माणूस तिला खोटं बोलायला लावतं. आधी ते माणूस बाहेर काढ."

आणि माणूस बाहेर काढायची आक्कांची एक रीत होती. 'बाहेर जा' असं त्या कुणाला म्हणत नसत. सासूला काम सांगत. "आजी, हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमायचं नाही, तेवढा खालच्या खिडकीवरून शिक्का मारून आणता?" मान मिळाला की सासू तरातरा निघते. खालच्या खिडकीवर रांग ठरलेली. तेवढ्यात इकडे पडदा ओढायचा, खाटेच्या कडेला टेकायचं आणि हळू आवाजात तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. दुसऱ्या वेळेचं उत्तर बहुतेक खरं असायचं. ते कागदावर जायचं, आणि सासू शिक्का घेऊन परत येईपर्यंत पडदा सरकवून झालेला असायचा. वॉर्डातल्या सगळ्या पोरींना आक्कांनी हे हाताला धरून शिकवलं होतं.

केसपेपरावर तिसऱ्या ओळीत एक रकाना होता: दिवस कसे राहिले. पुढे दोन चौकोन, 'आपोआप' आणि 'उपचाराने'. उपचाराने दिवस राहिलेल्या बाईवर वॉर्डात जरा जास्त डोळा ठेवतात. बीपी चढायची भीती जास्त, वार नको तिथे चिकटून बसायची भीती जास्त, बाळ लवकर यायची भीती जास्त. बहुतेकींचं सगळं सुखरूप पार पडतं, पण कुणीतरी डोळा ठेवलेला असतो म्हणून. आणि नेमक्या ह्याच रकान्यात बाया सगळ्यात जास्त खोटं बोलतात. लाखाचे बारा हजार करून, इंजेक्शनांनी अंगाची चाळण करून मूल पोटात धरायचं आणि मग ते आपोआप आलं म्हणून सांगायचं. आक्कांना ह्याचा राग येई. बायांचा कमी, त्यांना लपवायला लावणाऱ्या घरांचा जास्त.

आता दिव्याखाली अंधार कसा असतो ते बघा.

आक्कांचं काम चोख होतं, पण जिभेला हाड नव्हतं. वॉर्डात शब्द तोलून बोलणारी ही बाई घरी येऊन चप्पल काढली की जीभही मोकळी सोडायची. घरात तिघंच: त्या, मुलगा आणि सून. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. सून कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती, दिवसभर मेण आणि प्लास्टर कोरायची, म्हणून आक्का तिला लाडानं 'दातवाली' म्हणत. सुनेवर त्यांचा जीव होता, ह्याबद्दल कुणी शंका घेऊ नये. लग्नाला सात वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता, पण आक्कांनी तिला एका शब्दानं कधी टोचलं नाही. कुणी नातेवाईक टोचायला लागला तर त्याला तिथल्या तिथे गप्प केलं.

फक्त एकदा काय झालं, दुसऱ्या बाईचं बीज घेऊन गरोदर राहिलेली एक बाई वॉर्डात बाळंत झाली. तिचं नावगाव आक्कांनी घरी सांगितलं नाही, तेवढं भान होतं. पण जेवता जेवता म्हणाल्या, "सगळा कावळिणीचा कारभार बघ. अंडं कोकिळेचं, घरटं हिचं, आणि चोच भरवायची आयुष्यभर." मुलगा हसला, म्हणजे हसल्यासारखं केलं. सून ताटं उचलून आत गेली. आक्कांना वाटलं, हिला आवराआवरीची घाई असेल.

त्यानंतर सव्वा वर्षानं मुलानं एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत सांगितलं, "आई, तू आजी होणार." आक्कांच्या हातातली किसणी खाली पडली. तीस वर्षं लोकांची बाळं हातात घेतली, त्यातल्या एकाही वेळी डोळे भरले नव्हते, ते आता भरले.

तिसरा महिना लागल्यावर त्या सुनेला स्वतः आपल्या वॉर्डात घेऊन गेल्या. केसपेपरही स्वतःच भरायला बसल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू देतील तर शपथ. वय चौतीस, पहिली खेप, आजार नाही, ऑपरेशन नाही. तिसऱ्या ओळीवर आल्या आणि पेन न उचलता 'आपोआप'वर खूण करून चौथ्या ओळीवर गेल्या. सून समोरच्या स्टुलावर बसली होती. तिनं ओठ उघडले होते की नाही, हे आक्कांनी नंतर पुष्कळ वेळा आठवून पाहिलं. आठवेना, कारण त्यांनी मान वर केलीच नव्हती. हजारो बायांना विचारलेला प्रश्न त्यांनी घरच्या बाईला विचारला नाही. माझ्या घरात कशाला कोण लपवेल, असंही त्यांच्या मनात आलं नाही. मनात येण्याइतकी जागासुद्धा त्या प्रश्नाला मिळाली नाही.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. आक्कांनी लिहिलंय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनीही विचारलं नाही.

मग प्रत्येक तपासणीला आक्का बरोबर. सोनोग्राफीला आक्का, रक्त द्यायला आक्का, वजनकाट्यावर चढताना हात धरायला आक्का. वॉर्डातल्या पोरी कौतुकानं म्हणायच्या, सासू असावी तर अशी. आणि खरंच, वाईट काय होतं त्यात? एवढंच, की त्या सहा महिन्यांत ती पोर कुठल्याही डॉक्टरसमोर, कुठल्याही सिस्टरसमोर एक मिनिटसुद्धा एकटी नव्हती.

पाचव्या महिन्यात आक्कांना सुनेच्या उशाशी कॅल्शियमची एक बाटली दिसली, कुठल्यातरी अनोळखी कंपनीची. "हे असलं काही घ्यायचं नाही. मी आणते चांगल्यातलं," असं म्हणत त्यांनी बाटली न उघडता कचऱ्यात टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून गोळ्या आपल्या हातानं द्यायला लागल्या. सुनेनं कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं, मग आक्कांकडे पाहिलं, आणि "बरं आई" म्हणाली.

पस्तिसावा आठवडा चालू होता. सकाळी आठला सून खोलीतून बाहेर आली ती कपाळ दाबतच. "आई, डोकं फार दुखतंय. आणि डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं होतंय." आक्कांनी तिच्या पायाच्या नडगीवर अंगठा दाबला, खळगा पडला तो भरेना. बीपी मोजलं, एकशे साठवर एकशे दहा. अशा वेळी आक्का म्हणजे आक्का. तोंडातून एक शब्द वाया न घालवता त्यांनी मुलाला गाडी काढायला लावली, वॉर्डात फोन केला, आणि वीस मिनिटांत सून खाटेवर होती.

ड्युटीवर धाकटी सिस्टर होती. वय सव्वीस, आक्कांच्याच हाताखाली घडलेली, हात हलका आणि तोंड मिटलेलं. बीपी चढलेल्या बाईला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन देतात, दोन्ही कुल्ल्यांत, खोलवर. धाकटीनं सुनेला कुशीवर वळवलं, कापसानं जागा पुसली, आणि तिचा अंगठा तिथेच थांबला. तिनं दुसऱ्या बाजूला चाचपलं, मग पुन्हा पहिल्या बाजूला. इंजेक्शन दिलं, सुई काढली, आणि सहज सांगितल्यासारखं म्हणाली, "आक्का, भांडारातला माणूस ऑपरेशनचा संच द्यायला कां कू करतोय. तुम्ही गेल्याशिवाय तो काही ऐकायचा नाही. जरा जाऊन येता?"

"त्याच्या तर," आक्का म्हणाल्या आणि तरातरा निघाल्या.

वऱ्हांडा लांबलचक होता. जिन्यापर्यंत पोचल्या, दोन पायऱ्या उतरल्या, आणि थांबल्या. भांडारातला माणूस गेली चार वर्षं धाकटीच्या एका फोनवर संच पाठवत होता. त्याच्याकडे कुणी जाण्याची काही गरज नव्हती.

मला बाहेर काढलंय.

कठडा धरून त्या उभ्या राहिल्या. खालून वर येणाऱ्या एका बाईनं विचारलं, बरं वाटत नाही का. आक्कांनी नुसती मान हलवली. आत आता पडदा ओढलेला असेल, पोरगी खाटेच्या कडेला टेकली असेल आणि हळू आवाजात विचारत असेल, हे त्यांना डोळ्यांपुढे दिसत होतं. काय विचारत असेल, हेही दिसलं. अंगठा का थांबला होता, ते तर हातालाच कळलं. तेलातली इंजेक्शनं महिना-दोन महिने रोज त्याच जागी घेतली की मांसात गाठी धरतात, त्या महिनोन्‌महिने विरत नाहीत. असल्या गाठी आक्कांच्या बोटांनी शेकडो कुल्ल्यांवर ओळखल्या होत्या. ती इंजेक्शनं कशासाठी असतात तेही त्यांना ठाऊक होतं. गर्भ बाहेर तयार करून आत ठेवतात, तो टिकावा म्हणून.

परत जावं, पडदा बाजूला सारावा आणि विचारावं, असं एकदा मनात आलं. आपल्या घरातली गोष्ट, आपल्याला कळायला नको? पण आत शिरले तर पोर पुन्हा तोंड मिटेल, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? तीस वर्षांत जिन्यावर उभ्या राहिलेल्या सासवा कधी त्यांच्या मनात आल्या नव्हत्या. आता त्या स्वतः तिथे उभ्या होत्या आणि परत न जाणं एवढं एकच काम त्यांच्या हातात उरलं होतं. ते त्यांनी केलं. दहा मिनिटं त्या दोन पायऱ्यांवरून हलल्या नाहीत.

परत आल्या तेव्हा पडदा सरकवलेला होता. धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. "संच आला आक्का, त्यानं पाठवून दिला," एवढंच म्हणाली. सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. धाकटीच्या तोंडून एक शब्द निघणार नव्हता, कारण तो काढायचा नसतो हेही तिला आक्कांनीच शिकवलं होतं.

पण रुग्णालय बोलतं. तीस वर्षं त्यात वावरलेल्या बाईला ते ऐकू येतं. मोठ्या डॉक्टरीणबाई पळत आल्या आणि सोनोग्राफीचं मशीन त्यांनी खाटेपाशीच ओढून घेतलं. मागच्या तपासणीत वार जरा खाली आहे असं लिहिलं होतं. पहिलीच खेप, पोटावर आधीचा छेद नाही, म्हणून कुणी तिकडे फारसं बघितलं नव्हतं. आता त्या बघत राहिल्या, बघत राहिल्या. मग रक्तपेढीला फोन गेला. दोन पिशव्या नाही, सहा. भूल देणारे एक नाही, दोघं. शेजारच्या इमारतीतून मोठ्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनना बोलावणं गेलं. पहिलटकरणीच्या सिझरला एवढी फौज कुणी जमवत नाही. वार गर्भपिशवीच्या भिंतीत रुतलीय अशी शंका असली, तरच जमवतात.

खाटेच्या पायथ्याशी केसपेपर अडकवलेला होता. आक्कांनी लांबूनच पाहिला. तिसऱ्या ओळीतल्या त्यांच्या खुणेवर एक आडवी रेघ होती, रेघेशेजारी धाकटीची सही आणि वेळ, नऊ वाजून बावीस मिनिटं. चूक खोडायची नाही, एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, हा नियम. वाचता येत होतं.

सुनेला आत नेलं. आक्का निघाल्या तसा डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही आज सिस्टर नाही. बाहेर बसा." आक्का बसल्या. मुलगा आधीच तिथल्या बाकावर होता, दोन्ही हात गुडघ्यांत घालून.

नुसता उपचार असता तर आपल्यापासून एवढा लपवला नसता, हे आक्कांना कळत होतं. त्यांनी विचारलं, "बीज कुणाचं?"

मुलानं दचकून पाहिलं. "तिनं सांगितलं?"

"मला कुणीही काही सांगितलेलं नाही. तू सांग."

"तिची बीजं संपली होती आई. तिशीतच. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या बाईचं घ्यावं लागेल. कुणाचं ते आम्हालाही सांगत नाहीत. गर्भ करून गोठवून ठेवले, दुसऱ्या खेपेला राहिला." तो थांबला. "तिकडच्यांनी पत्र दिलं होतं, बाळंतपण जिथे करणार तिथे दाखवा म्हणून. बीपीवर लक्ष ठेवा, वार नीट बघा, सगळं लिहिलं होतं त्यात. रोज झोपताना घ्यायला ॲस्पिरिनची बारीक गोळी दिली होती, बीपी चढू नये म्हणून. ती कॅल्शियमच्या बाटलीत घालून ठेवायची ती."

"मग मी ती बाटली फेकल्यावर? दुसरी आणायची होतीस."

"आणली होती. पण तू रोज स्वतः गोळ्या द्यायचीस, तिच्याजवळ बसायचीस, दिवा घालवून जायचीस. कधी घेतली, कधी राहिली. मग राहूनच गेली. म्हणाली, आईंना दिसली तर विचारतील कशासाठी."

"आणि पत्र?"

"माझ्या कपाटात आहे."

"अरे, मी ह्याच वॉर्डात काम करते," आक्का म्हणाल्या. आवाज चढला, तो त्यांनी खाली आणला. "हजार बायांची ही गोष्ट मी पोटात ठेवली. घरच्या पोरीची ठेवली नसती?"

"ठेवली असतीस. बाहेर कुणाला कळलं नसतं." मुलगा जमिनीकडे बघत बोलत होता. "पण घरात काय म्हणाली असतीस? तू तो कावळिणीचा विनोद केलास ना जेवताना, त्याच दिवशी दुपारी आम्हाला कळलं होतं, हिची बीजं संपली म्हणून. तुला विचारावं म्हणून आलो होतो दोघं. तू ह्यातली आहेस, तूच सांगशील काय करायचं ते. ताटावर बसलो आणि तू बोललीस."

आक्कांकडे ह्यावरही शब्द तयार होता. मनात कुणाबद्दल वाईट नव्हतं, गंमत म्हणून बोलले, हे त्या म्हणू शकल्या असत्या. असंच म्हणणाऱ्या किती सासवांना त्यांनी ह्याच बाकावर बसून ऐकलं होतं आणि मनातल्या मनात हाणलं होतं. मुलाच्या पाठीवर हात ठेवायला गेल्या आणि तो ठेवावा की नाही हे न कळून आपल्या मांडीवर घेऊन बसल्या.

पाऊण तासानं दार उघडलं आणि नवजात कक्षाची सिस्टर हिरव्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून झपाझप निघून गेली. "मुलगी. एकोणीसशे ग्रॅम. रडली," जाता जाता म्हणाली. मुलगा उठून तिच्यामागे धावला. आक्का उठल्या नाहीत. बाळ बाहेर आलं म्हणजे आत आता वारेची पाळी, हे त्यांना माहीत होतं. त्यांचे डोळे दारावर.

रक्ताच्या पिशव्या आत जात होत्या त्या त्यांनी मोजल्या. चौथी गेल्यावर मोजणं सोडून दिलं. तोंडातून प्रार्थनाही येईना. एवढंच येत होतं, पोरी, राहा. बीज कुणाचंही असू दे, पोर मिळो न मिळो, तू राहा. हे वाक्य पावणेदोन वर्षांपूर्वी ताटावर बसून म्हणता आलं असतं, असंही वाटून गेलं, आणि त्या वाटण्याबरोबर आक्का पहिल्यांदा रडल्या, पदर तोंडात धरून, आवाज न करता.

दोन वाजता डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. टोपी काढली तर कपाळावर टोपीचा वळ उमटलेला. "आहे," त्या म्हणाल्या. "पिशवी काढावी लागली, आक्का. वार भिंतीत रुतलेली होती, ती सोडवायला गेलो असतो तर बाई टेबलावरच गेली असती. आधी ठाऊक होतं म्हणून हात घातला नाही, सरळ पिशवी काढली. सर्जन उभे होते, रक्त हाताशी होतं. वेळेवर कळलं म्हणून आहे."

"आणि सहा महिन्यांपूर्वी कळलं असतं तर?" आक्कांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई त्यांच्या शेजारी टेकल्या. खोटं बोलायचं नाही इतकी दोघींची जुनी ओळख. "तर गोळी चुकली नसती, बीपी कदाचित इतकं चढलं नसतं. वार मी पाचव्या महिन्यापासून बघत राहिले असते. तारीख ठरवून, तयारीनं केलं असतं. पिशवी वाचली असती की नाही, ते सांगता येत नाही. ह्या उपचारांत वाईट काही नाही हो. माझ्या सख्ख्या भाचीनं केलेत. फक्त बाळंतपण करणाराला ते माहीत असलं पाहिजे." मग जरा थांबून म्हणाल्या, "मीही विचारलं नाही. तुमचा कागद होता म्हणून. हे मलाही जन्मभर पुरणार आहे."

दोन दिवस सून अतिदक्षता कक्षात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला वॉर्डात आणलं. चेहऱ्याचा रंग गेलेला, ओठ सुकलेले. मुलगा रात्रंदिवस बसून होता, त्याला आक्कांनी आंघोळीला घरी पाठवला. वाटीत पाणी घेऊन त्या तिचे ओठ ओले करत होत्या.

"पिशवी काढली ना?" सुनेनं विचारलं.

"काढली."

"सांगितलं मला त्यांनी. तरी तुमच्याकडून ऐकायचं होतं." ती छताकडे बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, तुम्हाला सगळं कळलंय."

"कळलंय."

सुनेनं विचारलं, "कुणासारखी दिसते ती?"

साधा प्रश्न. वॉर्डात दिवसातून दहा वेळा कानावर पडणारा. पण विचारताना पोरीनं चादर मुठीत घट्ट धरली होती, आणि आक्कांना कळलं की ही गेले आठ महिने ह्या एका प्रश्नाला भीत आलीय, आणि दुसऱ्या कुणी विचारायच्या आत तिनं तो स्वतःच विचारून टाकलाय.

"मला नाही माहीत," आक्का म्हणाल्या. "मी बघितली नाही अजून."

सुनेनं मान वळवली. "तीन दिवस झाले. काही झालंय का तिला? खरं सांगा."

"तिला काही झालेलं नाही. नळीनं दूध घेते, ते पचतंय. रोज सकाळ-संध्याकाळ दारात उभी राहून विचारून येते मी."

"दारात? आत का नाही गेलात? तुम्हाला कोण अडवणार इथे?"

"कुणी नाही." आक्कांनी वाटी खाली ठेवली. "आधी आईनं बघायचं असतं. तू बघ. बघून तुला वाटलं, ह्या बाईच्या हातात द्यावी, तर दे. नाही वाटलं तर देऊ नकोस. मी दारातूनच विचारत जाईन."

सुनेची चादरीवरची मूठ सुटली. डोळ्यांतून पाणी कानांवर ओघळत होतं, ते तिनं पुसलं नाही. टाके ओढू नयेत म्हणून तिला नीट रडताही येत नव्हतं.

"त्या दिवशी सिस्टरनं विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा नाहीच म्हणाले," ती म्हणाली. "ती म्हणाली, गाठी लागल्यात माझ्या हाताला, तुझ्या जिवावर बेतेल. तरी नाही म्हणाले. मग ती म्हणाली, आक्का खाली गेल्यात, त्यांना मी सांगणार नाही. तेव्हा सांगितलं." ती धापा टाकत थांबली. "आई, मी मेले असते, पण तुम्हाला सांगितलं नसतं."

"माहीत आहे मला," आक्का म्हणाल्या. "बाकी सगळं मी सोसेन गं. हे मला मरेपर्यंत सोसायचं नाही."

त्यांनी चाकाची खुर्ची खाटेला लावली, सलाइनची बाटली एका हातात घेतली आणि दुसरा हात सुनेच्या पाठीखाली घातला. सुनेनं एकदा त्या हाताकडे पाहिलं, मग आपला भार त्याच्यावर टाकला.